मिरजेत दाता नाही

"मिरजेत एकबी नाही? ताई, नीट बघा की जरा."

युनूसभाई माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते. एका हातात फोनची वही, दुसऱ्या हातात टोपण काढलेलं पेन. मंगळवार होता, एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळचे पावणेअकरा.

"बघितलं," मी म्हणाले. "सर्वांत जवळ कोल्हापूर, सत्तेचाळीस किलोमीटर. त्याच्यानंतर बेळगाव. मग थेट सोलापूर."

"आणि सांगली? इथं आठ किलोमीटरवर?"

"सांगलीत एक आहेत, पण त्यांनी फेब्रुवारीत रक्त दिलंय. तीन महिने झाले नाहीत अजून."

समोरच्याच रस्त्यावरच्या एका दवाखान्यातून फोन आला होता. जत भागातली चोवीस वर्षांची बाई, सुवर्णा हाके. सकाळी बाळंत झाली, बाळ सुखरूप होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. आणि रक्तगट बॉम्बे. दहा हजारांत एखाद्याचा असतो तो. साध्या तपासणीत 'ओ' वाटतो, पण 'ओ' गटाचं रक्त दिलं तर माणूस दगावतो. त्याला त्याच्याच गटाचं रक्त लागतं. अशा माणसांची यादी ठेवणं हेच आमच्या संस्थेचं काम. दक्षिण महाराष्ट्र आणि सीमेपलीकडचा थोडा कर्नाटक मिळून आमच्याकडे एकसष्ट दाते होते. संस्थेत माणसं तीनच: ती उभी करणाऱ्या डॉक्टर पद्मा चौगुले, फोन करणारे युनूसभाई मोमीन आणि यादीची संगणकप्रणाली लिहिणारी मी, शलाका खोडके.

युनूसभाईंनी कोल्हापूरला फोन लावला. तिथले प्राध्यापक कांजिण्यांनी अंथरुणावर होते. मग बेळगाव. तिथले कापडदुकानदार एका जत्रेहून नुकतेच घरी आले होते. "जीप करतो आणि निघतो," म्हणाले.

"बेळगावहून यायला तीन तास," युनूसभाई पुटपुटले. त्यांना आमच्याकडे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांच्याआधी फोनवर सुलभा कांबळेबाई होत्या. बारा वर्षं होत्या. निवृत्त होऊन त्या पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या होत्या.

"ताई, कांबळेबाईंना एक फोन टाकू का? त्यांना म्हणे सगळे दाते तोंडपाठ हायेत."

मी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "त्यांना कशाला? त्यांना जे माहीत होतं ते सगळं ह्यात आहे. बारा वर्षांच्या नोंदी त्यांनीच तर भरल्यात."

"एक फोन करायचा, आनि काय."

"युनूसभाई, तुम्ही सोलापूर लावा. वेळ जातोय."

ते गेले आणि त्यांनी सोलापूर लावलं.

बेळगावचे गृहस्थ दोन वाजून पन्नास मिनिटांनी पोचले. घामाघूम झालेले, पण न जेवता आलेले नव्हते. वाटेत निपाणीत आठवणीनं जेवले होते, रक्त देता यावं म्हणून. त्यांचं रक्त काढलं आणि ते तपासणीला गेलं. तपासणी चालू असतानाच, सव्वाचार वाजता, सुवर्णा गेली.

डॉक्टर चौगुले दवाखान्यातून परत आल्या, बेसिनवर बराच वेळ हात धूत राहिल्या आणि म्हणाल्या, "कधीकधी माणूसच नसतो जवळ. आपण तरी काय करणार?"

मी मान हलवली. त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं, पण ते दुसऱ्याच्या दुःखाचं वाटतं तसंच.

*

मी मूळची अमरावतीची. मिरजेत येऊन मला दोन वर्षं झाली होती. ब्राह्मणपुरीत एका मास्तरांच्या घराच्या माडीवर खोली होती आणि डबा खालून यायचा. कामावरच्या दोघांशी माझं चांगलं होतं. पण मी दिवसभर काय करते, त्यातलं अवघड काय, एखादी गोष्ट सुटली की मला एवढा आनंद का होतो, हे विचारणारं त्या गावात कुणी नव्हतं. आईला फोनवर सांगायला गेले की ती म्हणायची, "बरं बरं, जेवलीस ना?"

ओरिन ही संगणकाची भाषा. आमची यादी मी तिच्यात लिहिली होती. ओरिन वापरणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक पत्रगट होता. पुण्याचे, बंगळूरचे, परदेशातलेही लोक त्यात होते. तिथं मला सगळे ओळखायचे. मी 'मिरजवाली शलाका' होते. सकाळी उठल्याबरोबर आणि जेवल्याबरोबर मी तो गट उघडायची. मिरजेत माझ्याशी जेवढं बोलणं व्हायचं, त्याच्या दहापट तिथं व्हायचं.

त्या एप्रिलच्या आधीच्या डिसेंबरात ओरिनची दुसरी आवृत्ती आली. नुसती डागडुजी नव्हती, भाषा पायापासून नव्यानं बांधली होती. बनवणाऱ्यांनीच स्वच्छ लिहिलं होतं: जुनं लिहिलेलं नव्यात जसंच्या तसं चालेल असं समजू नका, आणि महत्त्वाच्या कामाला वर्षभर तरी घाई करू नका. गटातल्या एका जुन्या जाणत्यानं तर लिहिलं होतं, "रंग ओला आहे तोवर नव्या घरात सामान लावू नये."

पण त्याच गटात एक पानही सुरू झालं होतं. नवी आवृत्ती खऱ्या कामात वापरणाऱ्या संस्थांची नावं त्या पानावर लागत होती. पहिल्या दहा जागा भरल्या तेव्हा मी रोज ते पान बघत होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आमची प्रणाली नव्या ओरिनवर नेली. तपासून घेतली. एकसष्ट नावं होती, नव्यातही एकसष्ट आली. कोल्हापूर विचारून पाहिलं, सांगली विचारून पाहिलं, सगळं बरोबर आलं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जुनं नीट चाललं होतं ना? मग कशाला?" मी म्हणाले, "आज ना उद्या जावंच लागणार आहे मॅडम." त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

अकराव्या जागेवर आमच्या संस्थेचं नाव लागलं. त्यापुढं कंसात 'मिरज' लिहिलेलं होतं. दोन दिवसांत चाळीस-बेचाळीस लोकांनी मला अभिनंदनाची पत्रं पाठवली. त्या पानाची मी छापील प्रत काढली आणि खोलीत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दाखवायला कुणी नव्हतंच, म्हणून आतून.

*

गुरुवारी दुपारी एक गृहस्थ ऑफिसात आले. पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, बोटांच्या पेरांना वाळलेली खळ. हातातली पिशवी त्यांनी पायाशी ठेवली आणि दारातच थांबले.

"कांबळेबाई नाहीत का?"

"त्या निवृत्त झाल्या. काय काम होतं?"

"मी शमुवेल भोरे. बुकबाइंडिंग करतो, मिशन कंपाउंडच्या मागं." ते थोडे घुटमळले. "विचारायला आलो होतो. माझं नाव काढून टाकलंय का?"

"कशातून?"

"यादीतून. मी बॉम्बे गटाचा आहे."

युनूसभाईंनी मान वर केली. मी भोऱ्यांना बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत.

"दवाखान्याची रजिस्टरं माझ्याकडंच बांधायला येतात. काल आणायला गेलो तर तिथल्या मावशी सांगत होत्या, मंगळवारी एक पोरगी माझ्याच गटाची होती, रक्त मिळालं नाही म्हणून गेली. मी म्हटलं, असं कसं? मला फोन नाही आला." त्यांचा आवाज शांत होता. "नोव्हेंबरात दिलं होतं मी. म्हणजे पाच महिने होत आले. वय चौपन्न आहे. साठ होईपर्यंत चालतं ना? बाईंनी तसं सांगितलं होतं. तंबाखू नाही, काही नाही. रोज बीट खातो, गूळ-शेंगदाणे खातो. मग काही चुकलं का माझं?"

"कुठं राहता म्हणालात?" युनूसभाईंनी विचारलं.

"इथंच. चालत दहा मिनिटं."

मी संगणकाकडं वळले. नाव शोधलं. शमुवेल भोरे, बॉम्बे गट, गाव मिरज, शेवटचं रक्तदान अठरा नोव्हेंबर. सगळं होतं. मग मी पुन्हा विचारलं: मिरजेतल्या रुग्णासाठी जवळचे दाते. उत्तर आलं: कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर.

एकदा केलं, दोनदा केलं. तेच उत्तर.

"तुमचं नाव आहे," मी म्हणाले. "मी बघते. तुम्हाला कळवते." भोऱ्यांनी पिशवी उचलली आणि युनूसभाईंना नमस्कार करून गेले.

चूक सापडायला वीस मिनिटं लागली. कांबळेबाईंना शब्द लिहून झाला की कधीकधी अंगठ्यानं एकदा मोकळ्या जागेची कळ दाबायची सवय होती. 'मिरज' लिहिलं, की पुढं एक रिकामी जागा. डोळ्यांना ती दिसत नाही. जुनी ओरिन असल्या शेवटच्या रिकाम्या जागा आपण होऊन टाकून द्यायची. 'मिरज' म्हणजे मिरज, पुढं काही असो नसो. नव्या भाषेत नियम बदलला होता. रिकामी जागा हेही एक अक्षरच. त्यामुळं 'मिरज' हे एक गाव आणि रिकामी जागा जोडलेलं 'मिरज' हे दुसरंच, ज्याचं अंतर कुणालाच माहीत नाही. अंतर माहीत नसलेला दाता यादीत यायचाच नाही. असे सात जण होते. सगळ्या सात नोंदी बाईंच्या हातच्या. मी ज्यांच्यावर पडताळा पाहिला होता ती कोल्हापूर-सांगलीची नावं मी स्वतः भरलेली होती.

युनूसभाई मागं येऊन उभे राहिले होते. मी त्यांना दाखवलं. त्यांना त्यातलं तांत्रिक काही कळलं नसेल, पण माझा चेहरा कळला. ते फक्त म्हणाले, "या अल्ला," आणि खुर्चीत बसले. कांबळेबाईंच्या फोनची गोष्ट त्यांनी काढली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधीच नाही.

*

डॉक्टर चौगुल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"भोऱ्यांना अकराला बोलावलं असतं तर दोनपर्यंत पिशवी तयार झाली असती," त्या म्हणाल्या. "ती वाचली असती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फार रक्त गेलं होतं. वाचली नसती, असंही नाही सांगू शकत."

"आता काय करायचं?"

"जुनी प्रणाली आजच्या आज परत लाव. आणि तिच्या घरच्यांना सांगायला हवं. ते मी सांगेन. तू यायलाच पाहिजे असं नाही."

"मी येते."

"बघ हं."

सुवर्णाचा नवरा बिरू दवाखान्यातच होता, वजन कमी म्हणून बाळ अजून काचेच्या पेटीत होतं. व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, डोक्याला पटका, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. शेजारी त्याची आई बसली होती. डॉक्टरांनी सरळ शब्दांत सांगितलं: रक्त देणारे एकजण इथंच होते, आमच्या यादीतल्या चुकीमुळं त्यांना बोलावलं गेलं नाही, चूक आमची आहे. मी म्हणाले, "चूक माझी आहे. यादी माझ्याकडं असते."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या शिव्या, रडणं, अंगावर धावून येणं, ह्या सगळ्याची मी तयारी ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "किती लांब ऱ्हात्यात ते?"

"चालत दहा मिनिटं."

"दहा मिंटं," तो म्हणाला. मग आईकडं वळून मोठ्यानं, कारण तिला कमी ऐकू येत असावं, "आये, दहा मिंटाच्या वाटंवर व्हता म्हनं मानूस."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. आम्ही दोघी निघालो.

तिथून मी एकटीच भोऱ्यांच्या दुकानात गेले. एक खोली, मागं स्वयंपाकाचा ओटा, भिंतीला लागून शिवायच्या रजिस्टरांचे गठ्ठे. पत्नी जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला दिसलं ते एवढंच, की टेबलावर फोन होता आणि त्याच्याभोवती हातभर जागा रिकामी ठेवलेली होती. कागद नाहीत, दोरा नाही, काही नाही.

मी सांगितलं. रिकाम्या जागेचंसुद्धा सांगितलं. ते ऐकताना दाभणात दोरा ओवत होते, तो काही ओवला जाईना.

"मी घरातच होतो, बाई," ते म्हणाले. "मंगळवारी दिवसभर इथंच होतो. खळ शिजवत होतो."

"हो."

"कांबळेबाईंना विचारायचं की. त्यांनी सांगितलं असतं."

"युनूसभाई म्हणाले होते. मी नको म्हणाले."

त्यांनी दाभण खाली ठेवलं. "का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी डॉक्टरांना दिलं नव्हतं, स्वतःलाही दिलं नव्हतं. त्या माणसाला का दिलं, मला माहीत नाही. मी सांगितलं, की मी ज्या लोकांशी रोज बोलते ते सगळे लांबचे आहेत, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या एका पानावर माझ्या कामाचं नाव लागावं म्हणून मी ही घाई केली. आणि यादी चुकू शकते असं एकदा म्हटलं असतं, तर ते नाव खाली उतरलं असतं. मार्चमध्ये तामिळनाडूतल्या दिंडीगुलच्या एका मुलीनं त्या गटात विचारलं होतं, "नवीन आवृत्तीत रिकाम्या जागांची काही भानगड आहे का? मला भीती वाटते आहे." मी तिला उत्तर दिलं होतं. "आमच्याकडं सहा आठवडे सुरळीत चाललंय. बिनधास्त घे."

भोऱ्यांनी दाभण पुन्हा उचललं.

"जा तुम्ही आता," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्या गटात सगळं लिहिलं, त्या मुलीचा उल्लेख करून. आमचं नाव काढून टाका म्हणून लिहिलं. दुसऱ्या दिवशी नाव काढलेलं होतं. उत्तर एकच आलं, तिचं. "धन्यवाद. मी अजून घेतली नव्हती." बाकीच्यांतलं कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काय होतं? मीही मग तिथं लिहायची थांबले.

*

जुलैत सांगलीहून मागणी आली. सांगलीच्या दात्यांनी जूनमध्येच रक्त दिलं होतं, म्हणून यादीत पहिलं नाव भोऱ्यांचं होतं. युनूसभाईंनी फोन माझ्यापुढं सरकवला. "तुम्ही करा," म्हणाले.

"भोरेकाका, मी शलाका बोलते—"

"निघालो," ते म्हणाले आणि फोन ठेवलासुद्धा. कुठं यायचं हे त्यांनी विचारलंच नव्हतं. पुन्हा फोन करून सांगावं लागलं.

रक्त देऊन झाल्यावर ते बाहेरच्या बाकावर बसले. मी चहा-बिस्किटं नेऊन दिली. दोन बिस्किटं खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "त्या पोरीचं बाळ कसं आहे?"

"मला माहीत नाही."

"बघून यायला पाहिजे. मी पत्ता काढलाय. रविवारी साडेआठची जत गाडी आहे." चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. "एकट्यानं कसं जायचं? मी कोण म्हणून सांगू त्यांना? तुम्ही याल का बरोबर?"

"येते," मी म्हणाले.

आज ह्याला पंधरा वर्षं झाली. पुढं मी नोकरी बदलली, गाव बदललं. नवी ओरिन आता जुनी झाली आहे, सगळे बिनघोर वापरतात. ती रिकाम्या जागेची अडचण त्यांनी सहा महिन्यांत दूर केली. पण मला तो रविवार सांगायचा आहे.

मी सव्वाआठलाच स्टँडवर पोचले होते. बाळासाठी घेतलेलं झबलं पिशवीत होतं. जत गाडी लागली होती. फलाटाच्या खांबाशी उभी राहून मी बघितलं, भोरे पुढून तिसऱ्या खिडकीत बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ते सारखे दाराकडं बघत होते. एक बाई टोपली घेऊन चढली आणि त्यांच्याशेजारी बसायला लागली, तेव्हा त्यांनी हातानं अडवून काहीतरी सांगितलं. ती मागं गेली. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि शेजारच्या सीटवर नीट पसरून ठेवला.

मला फक्त वीस पावलं चालायचं होतं. त्या व्हरांड्यातला आवाज कानात होता, "आये, दहा मिंटाच्या वाटंवर व्हता म्हनं मानूस." पाय उचलला नाही.

कंडक्टरनं घंटी दिली. भोऱ्यांनी एकदा खिडकीतून वाकून फलाटभर पाहिलं. मी खांबाआड होते. गाडी मागं आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली, तोवर मला ते दिसत होते. रुमाल त्यांनी उचलला नव्हता.